खिंडीतली सुरुवात

दुमेझ्वेनी झोंडीला कुणी विचारलं, "तुझ्या गाण्यात सगळ्यात भारी काय?" तर तो म्हणायचा, "गाणं सुरू व्हायच्या आधीचं." आणि हे तो लाजत-बिजत नाही, छाती काढून सांगायचा. लाज हा प्रकार झोंडींच्या घराण्यात कधी नांदलाच नाही. मी त्याच्या शेजारी उभा राहून अर्धं आयुष्य कॉन्सर्टिनाचा भाता ओढला आहे, तेव्हा मला बोलायचा अधिकार आहे. माणूस खरं सांगत होता. त्याची गाणी बरी होती. एखादी गाय, एखादी बाई, एखादा हलकट मुकादम. सगळ्यांच्या गाण्यांत असतं तेच त्याच्याही गाण्यांत होतं. पण तोंड उघडण्याआधी तो गिटारवर जे वाजवायचा, ते थुकेला नदीच्या या काठाला कुणाकडे नव्हतं आणि त्या काठालाही नव्हतं.

त्याला आम्ही इझिह्लाबो म्हणतो, म्हणजे टोचे. गिटार घेऊन पायी चालणारा गडी गाण्याआधी तारांना भराभर टोचे मारतो. त्यात तारा लागल्यात की नाही ते समजतं, बोटं जागी होतात, आणि ऐकणाऱ्याला कळतं की आला कोण, कुठल्या दरीतला, आणि आता कुठल्या सुरात बोलणार. ज्याची त्याची सुरुवात वेगळी. दुसऱ्याची उचलायची नसते. हे कुणी शिकवत नाही. दुसऱ्याच्या ताटात हात घालू नये हे तरी कुठल्या शाळेत शिकवतात?

दुमेझ्वेनीची पहिली गिटार म्हणजे मोटारीच्या तेलाचा डबा, त्याला ठोकलेली फळी आणि सायकलच्या ब्रेकच्या उसवलेल्या तारा. शेळ्या राखता राखता तो त्यावर गायचा. शेळ्या पांगायच्या आणि संध्याकाळी बापाचा मार खायचा तो. मोठा झाल्यावर जोहान्सबर्गला वीटभट्टीवर गेला, तिथे पोटाला चिमटा घेऊन खरी गिटार घेतली, आणि पहिल्या सुट्टीत आला तो घरीसुद्धा न जाता नदीवर. तिथे मचुनूंची मुलगी पाणी भरत होती. हा पठ्ठ्या तिच्यापुढे उभा राहून गाऊ लागला.

ती भरलेली घागर डोक्यावर घेता घेता ऐकत राहिली. मुलीने पहिल्या फटक्यात हो म्हणायचं नसतंच, पण नाही म्हणण्याच्याही तऱ्हा असतात. ही म्हणाली, "गाणं वाईट नाही. पण तू शेळीसारखा घुसतोस. ना हाक, ना खाकरणं. आधी दारात उभं राहून कोण आलंय ते सांगायला काय होतं?"

दुसरा कुणी असता तर तोंड लपवून पळाला असता. दुमेझ्वेनी तडक माझ्याकडे आला. "म्बोम्वू," तो म्हणाला. आम्हा न्गुबाने कुळातल्यांना मानाने असंच म्हणतात, आणि झोंडींना नोन्दाबा. "म्बोम्वू, बाई माझीच आहे. फक्त सुरुवात करायची राहिलीय."

मग सबंध सुट्टी तो सुरुवातच करत बसला. वरच्या तारेवर एक चढण, खालच्या तारेवर अंगठ्याचा ठोका, पुन्हा चढण, आणि मध्येच एक थबक. घागर डोक्यावर घेतल्यावर तोल सापडेपर्यंत बाई थांबते ना, तेवढीच. त्यानंतर सगळ्या तारा धावत खाली. ती थबक त्याने नदीवरून आणली होती हे मला ऐकताक्षणी कळलं. पुढच्या सुट्टीत बस खिंडीत थांबली, हा उतरला आणि तिथूनच त्याने ती वाजवली. दरीत उतरेपर्यंत मचुनूंची मुलगी नदीवर येऊन उभी होती. घागर मात्र घरीच विसरली होती.

लग्नानंतर ती मामचुनू झाली, मचुनूंची लेक. सासरी येऊन बापाचं नाव टाकायची आमच्यात पद्धत नाही. आणि त्या दोघांची एक रीत पडून गेली. तो वर्षातून एकदोनदा यायचा. खिंडीत उतरला की गिटारच्या मानेला पेन्सिल लावून वर रबर ताणायचा, म्हणजे सूर वर चढतो आणि लांब जातो, आणि सुरुवात वाजवायचा. खाली मामचुनू अंगणात येऊन लांबलचक ललकारी द्यायची, झोंडींच्या वाडवडिलांची नावं घेत त्याला बोलवायची, आणि कोंबडा धरायची. तो फाटकाशी पोचेतो चुलीवर मांस रटरटत असायचं आणि ज्वारीच्या बिअरचं मडकं सावलीत ठेवलेलं असायचं. अख्खी दरी त्या सुरुवातीवरून ओळखायची की झोंडींकडे आज जेवण आहे. मीही ओळखायचो, आणि सहज तिकडून चाललो होतो असं दाखवत वेळेवर पोचायचो.

"गाणं म्हणजे घर," तो मला पाजता पाजता सांगायचा, "आणि सुरुवात म्हणजे अंगण. अंगण न ओलांडता आत शिरतो तो एकतर चोर, नाहीतर कोंबडी."

एकदा त्याची कॅसेट निघाली. स्टुडिओतला माणूस म्हणाला, एवढी लांब सुरुवात नको, टेप पुरत नाही. हा म्हणाला, "मग गाणं कापा." खरोखर कापलं. ती कॅसेट दरीत घरोघरी गेली, आणि सगळा घोटाळा तिथूनच झाला.

दुमेझ्वेनीची मुलगी थोलाकेले खाली बाजारात दुकानात काम करायची. बापाचा ताठा आणि आईची जीभ, दोन्ही पुरेपूर. तिथे रस्त्याच्या कामावर समुद्राकडून टोळी आली, तिच्यात भेकिथेम्बा सेले नावाचा गडी होता. उंच, हसरा आणि थोडा घाबरट. गिटार वाजवायचा, पण आमच्या म्सिंगा दरीतल्या वादकांपुढे त्याची पाचावर धारण बसायची. त्याचं आणि थोलाकेलेचं जमलं. तिने बापाची कॅसेट त्याला ऐकायला दिली. याने मनात घेतलं की सासऱ्याला खूश करायचं तर सासऱ्याचीच सुरुवात अशी शिकायची, की त्याने उठून मिठी मारावी. पावसाळाभर घासली. थोलाकेलेलाही सांगितलं नाही. बिचाऱ्याचा हेतू साफ होता, आणि साफ हेतूच्या माणसाइतकं नुकसान कुणी करत नाही.

दुमेझ्वेनी आता वीटभट्टी सोडून घरीच असायचा, पण त्या महिन्यात जोहान्सबर्गला एका लग्नात वाजवायला गेला होता. आज येतो की उद्या, अशी मामचुनू वाट बघत होती. एका दुपारी खिंडीत सुरुवात वाजली. चढण, ठोका, चढण, थबक, आणि धावत खाली. मामचुनू हातातलं सूप टाकून अंगणात आली. अशी ललकारी दिली की नदीपलीकडच्या बायकांनी परत दिली. नोन्दाबाच्या आज्या-पणज्यांची नावं घेतली. कोंबडा धरला, कापला, पाण्यात घातला. कुत्री शेपट्या हलवत चढणीवर धावली. मीही कोट चढवून निघालो.

आणि फाटकात धुळीने माखलेला, दात काढून हसणारा, सहा फुटी परका गडी उभा राहिला.

"सानिबोना, मामा," तो वाकून म्हणाला. नमस्कार अगदी रीतसर होता. मामचुनूच्या हाताला अजून पिसं चिकटलेली होती.

ती तशीच वळली. आत गेली आणि दार लावलं. पण दरीतल्या बाया काय गप्प बसतात? दुसऱ्या दिवशी नदीवर हेच. "मामचुनू, नवा नवरा जुन्यापेक्षा उंच आहे म्हणे!" "अगं, कोंबडा तरी राखून ठेवायचास, खरा येईल तेव्हा काय कापशील?" मामचुनूने घागर उचलली आणि कुणाकडे न बघता परत आली. नदीवर तिला आयुष्यात कुणी हसलं नव्हतं. तिनेच इतरांना हसायचं, हा नियम होता.

आणि मग खरा आला. खिंडीत उतरला, पेन्सिल लावली, रबर ताणलं, आणि वाजवली. एक दार उघडलं नाही. ललकारी नाही. कुत्र्यांनी मान वर करून परत पायावर ठेवली. "तोच मेला परत आला," मामचुनू भांडी घासता घासता म्हणाली. दुमेझ्वेनीला वाटलं वारा उलटा असेल, त्याने पुन्हा वाजवली. मग मुकाट्याने दरी उतरला. घरी आला तेव्हा चूल गार होती.

त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवत नव्हतं. मामचुनूने घडलेलं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "थोलाकेलेचे बाबा, एकदा फसले. आता खिंडीतून कुणीही काहीही वाजवू द्या. तोंड दिसल्याशिवाय मी बाहेर येणार नाही."

भेकिथेम्बा माफी मागायला आला. दुमेझ्वेनीने आत घेतलं नाहीच, फाटकाबाहेर उभं केलं.

"कोण तू?"

"मी भेकिथेम्बा सेले, बाबा."

"हे आत्ता सांगतोयस. त्या दिवशी खिंडीत काय सांगितलंस?"

"तुमचा मान राखावा म्हणून..."

"मान? माझ्या बायकोने तुला माझ्या आजोबांची नावं घेऊन घरात बोलावलं! आजोबा जमिनीखाली डोकं खाजवत असतील, की या मासेखाऊसाठी आपला कोंबडा कसा काय कापला!" आम्ही दरीतले लोक मासे खात नाही, आणि समुद्राकडच्यांना ते ऐकवायची संधी सोडत नाही. "तुझ्या बापाकडे स्वतःची सुरुवात नव्हती का?"

"आमच्याकडची वेगळी असते, बाबा. संथ. तुम्ही लोक हसाल."

"हसू दे की! हसतात म्हणून कुणी दुसऱ्याचं नाक लावून फिरतं का? ऐक. तुझी स्वतःची सुरुवात घेऊन ये. तोवर हे फाटक बंद."

थोलाकेले मागे उभी होती. ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. "बाबा, गिटारवरून माझं लग्न मोडताय?"

"मोडत नाही. अडवतोय. तुला घरात घेऊन जाणारा माणूस कोण आहे हे त्याला स्वतःला तरी माहीत असू दे."

मला वाटलं त्याचा राग आठवडाभरात उतरेल. उतरला नाही. भेकिथेम्बा रस्त्याच्या कामावरून सुटला की टोळीच्या तंबूशी बसून घासायचा, आणि दुमेझ्वेनी आपल्या अंगणात बसून कान टवकारायचा. "हे रेडिओवरचं," तो थुंकून म्हणायचा. दुसऱ्या दिवशी, "ही माझीच, शेपटी कापलेली." तिसऱ्या वेळी, "हे तर तुझ्या कॉन्सर्टिनाचं उचललंय, म्बोम्वू, तुला कळलं पण नाही!" मला खरंच कळलं नव्हतं, पण मी मान हलवली.

एका संध्याकाळी तो माझ्याजवळ बसला आणि बिअरच्या मडक्याला हातही लावला नाही. मी ओळखलं की काहीतरी घोडं अडलंय.

"मुलगी काय, आज नाही उद्या जाणारच," तो म्हणाला. "पण ही बाहेर येत नाही रे. काल गुडघे धरून मुद्दाम खिंडीत चढलो. वाजवली. खाली धूर दिसत होता, म्हणजे ती घरातच होती. आली नाही. त्या पोराने माझी सुरुवात नाही नेली, तिचा कान नेला."

"तिला सांग की तसं."

"काय सांगू? की ही मी आहे? मग वाजवायची कशाला? हाकच मारतो की!"

एवढा मोठा बोलका माणूस, पण त्या संध्याकाळी त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी ते बघितलं. मला फार वाईट वाटलं. बिअरसुद्धा गोड लागेना.

गाठ सोडवली ती थोलाकेलेने. एकदा दुकान बंद करून ती तंबूकडे गेली तर हा तारा लावत बसलेला. तारा लावताना त्याची बोटं आपोआप काहीतरी करायची. त्याच्याकडच्या सगळ्यांची करतात तसं. जाड तार, खुंटीला पीळ, पुन्हा जाड तार. मग तारा लागल्या, आणि त्याने घाम पुसून नेहमीसारखी आमच्या दरीतल्यांची नक्कल सुरू केली.

"थांब," ती म्हणाली. "आधी वाजवत होतास ते काय होतं?"

"कुठे काय? तारा लावत होतो."

"तेच वाजव."

"अगं, ते काही वाजवणं नाही. माझे वडील लावायचे तशा लावतोय फक्त."

"मला दुकानामागे रोज तेच ऐकू येतं, आणि मला कळतं की तू आलास. नंतर तू जे काय वाजवतोस त्यावरून मला काही कळत नाही."

हे मला तिनेच नंतर सांगितलं, नाक वर करून. बापाचीच मुलगी.

हिवाळ्यात सेलेंचे दोन काका समुद्राकडून आले, मुलगी मागायला. त्यांना इथल्या वाटा ठाऊक नाहीत, माणसं ठाऊक नाहीत, म्हणून पुढे होऊन बोलायला त्यांनी मला धरलं. मी झोंडीचा जिवलग, आणि उभा राहणार सेलेंच्या बाजूने! मामचुनू म्हणाली, "दोन्हीकडचं जेवणार तुम्ही." मी म्हटलं, "आमच्या कुळाची रीतच आहे ती." खरं तर कुळाचा काही संबंध नव्हता, मला जेवण आवडतं.

मागणी घालणाऱ्यांनी उजाडता उजाडता फाटकाबाहेर उभं राहून ओरडायचं असतं. आत घेईपर्यंत ओरडतच राहायचं. मी घसा साफ केला. सेलेंना मानाने न्दोसी म्हणतात, तेही घातलं. "नोन्दाबा! आम्ही सेलेंची माणसं! न्दोसींच्या घरून आलोय! चांगली सोयरीक मागायला आलोय!"

आतून कुणी ओ दिली नाही. बायकांचं खिदळणं मात्र ऐकू आलं. "कोण बोकड ओरडतोय?" असं कुणीतरी म्हणालं, आणि ती मामचुनूची जाऊ होती हे मी आवाजावरून ओळखलं. थंडीने काकांचे दात वाजत होते. कोटाच्या आत मी जिनची बाटली धरून होतो. आमच्यात मुलीच्या बापाचं तोंड उघडायला आधी अशी भेट द्यावी लागते, त्याशिवाय तो बोलतच नाही. पण त्यासाठी आधी फाटक तर उघडायला हवं. मी पुन्हा ओरडलो, काका ओरडले. एक काका म्हणाला, "हे नेहमी इतकं चालतं?" मी म्हटलं, "नाही. एवढ्यात उघडतात." पण दुमेझ्वेनी जे बोलतो ते करतो हे मला पक्कं ठाऊक होतं.

नवऱ्या मुलाने त्या दिवशी लांब राहायचं असतं. किती लांब, ते मात्र कुणी सांगितलेलं नाही.

खिंडीत तार वाजली. आमच्याकडे सगळे वरून धावत खाली येतात. ही खालून निघाली. जाड तारेवर दोन ठोके, दारावर मारल्यासारखे. मग मधली तार हळूहळू वर, पण सुराच्या जरा अलीकडेच थांबलेली, पुन्हा वर, पुन्हा अलीकडे, आणि ऐकणाऱ्याला राहवेना तेव्हा नेमकी सुरावर. घाई अजिबात नाही. दरीत कुणी हे असलं कधी ऐकलं नव्हतं. सगळी कुत्री उठली आणि भुंकत चढणीवर सुटली. खिदळणं थांबलं.

दुमेझ्वेनी खांद्यावर घोंगडी टाकून अंगणात आला. फाटकाशी येऊन उभा राहिला. त्याचा कान खिंडीकडे होता, माझ्याकडे बघतही नव्हता.

"म्बोम्वू, हा कोण रे?"

"तुला कोण वाटतो?"

"आपल्या दरीतला नव्हे. बोटं कच्ची आहेत, पण अंगठा चांगला आहे. समुद्राकडचा दिसतोय. बापाकडून आलेलं आहे हे, असं एका माणसाला सुचत नाही." मग चिडून म्हणाला, "अरे, कोण आहे ते सांग ना! मी विचारतोय!"

"नोन्दाबा," मी म्हटलं, "तू विचारावंस म्हणूनच तो वाजवतोय."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हसू त्याच्या पोटातून वर आलं, घोंगडी घसरली तरी थांबेना. त्याने फाटकाची कडी काढली. काका आत यायला निघाले तेवढ्यात हात करून त्यांना थांबवलं, घरात गेला आणि गिटार घेऊन आला. पेन्सिल लावली, रबर ताणलं.

"पाहुण्याने नाव सांगितलं," तो म्हणाला. "आता घरच्याने सांगायला नको?"

आणि त्याने आपली सुरुवात वाजवली, कितीतरी दिवसांनी, छाती काढून. चढण. अंगठ्याचा ठोका. पुन्हा चढण. मग ती थबक आली, आणि तो थांबला. नेहमीपेक्षा जास्तच थांबला. त्याचा हात तारांवर तसाच राहिला, आणि तो दाराकडे बघत होता.

दारातून ललकारी आली, अशी लांब की खिंडीतली गिटारसुद्धा गप्प झाली. मामचुनू पिठाने भरलेल्या हातांनी बाहेर आली, झोंडींच्या वाडवडिलांची एकेक करून नावं घेत. दुमेझ्वेनीची बोटं तारांवरून धावत खाली आली, आणि त्यात एकदोन चुकली, पण मी ते त्याला कधी बोलून दाखवलं नाही.

"आता नीट ऐकू येतं," मामचुनू म्हणाली. "तिकडचा थोलाकेलेचा, इकडचा माझा." मग माझ्याकडे वळली. "उभे काय राहिलात, म्बोम्वू? जेवायचंय ना? मग धरा तो कोंबडा."